शंभर गाठींची प्रार्थनादोरी: घेताना काय पाहावं, वापरताना कुठे सांभाळावं

काळी लोकरी दोरी, तिच्यात ओळीने शंभर गाठी, शेवटी गाठींचाच विणलेला क्रूस आणि त्याखाली गोंडा. ग्रीक ख्रिस्ती हिला कोम्बोस्किनी म्हणतात, रशियन चोतकी. ऑनलाइन दुकानांत ती ‘ब्रेसलेट’ किंवा ‘ध्यानमाळ’ या नावाखाली दिसते आणि चुकीची खरेदी बहुधा तिथेच होते, कारण मनगटावर कशी दिसते एवढंच पाहून लोक ती घेतात. मुळात ती एकाच कामासाठी बनलेली वस्तू आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेतली ‘येशूची प्रार्थना’ म्हणताना बोटांना काम द्यायचं, म्हणजे मन मोजणीत अडकत नाही. या प्रार्थनेचं दुसरं नाव ‘हृदयाची प्रार्थना’, म्हणून दोरीचं परीक्षण लिहिताना हृदयाबद्दल बोलणं टळत नाही.

प्रार्थना एका वाक्याची आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तिचा उत्तरार्ध लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदाराच्या तोंडचा, आणि दयेची हाक यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाचीही. ‘निरंतर प्रार्थना करा’ हे पौलाचं वाक्य इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी शब्दशः घेतलं आणि त्यातून छोट्या प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणण्याची रीत वाढली. गाठींबद्दल एक आख्यायिका सांगतात. इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी संत अंथनी प्रत्येक प्रार्थनेला चामड्याच्या दोरीला साधी गाठ मारत, आणि सैतान मागून येऊन ती सोडवी. तेव्हा देवमातेने त्यांना दर्शनात अशी गाठ शिकवली की जिच्या प्रत्येक वळणात क्रूस पडतो. काही जण याचं श्रेय इजिप्तमधल्याच मठसंस्थापक पखोमियसला देतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी गाठ खरोखरच तशी आहे. एका गाठीत एकमेकांत गुंतलेले सात क्रूस असतात, मोजायची पद्धत बदलली की नऊ. ती ओढून सुटत नाही आणि दोरीवर सरकत नाही. मण्यांच्या माळेपेक्षा हिचा पहिला फायदा हाच. मणी दोऱ्यावर घसरतो, वाजतो, धागा तुटला की जमिनीभर पसरतो. गाठ जागची हलत नाही आणि आवाजही करत नाही. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, रात्री शेजारी कुणी झोपलेलं असताना याचं महत्त्व कळतं.

आता खरेदी. दोऱ्या साधारणपणे ३३, ५०, १०० आणि ३०० गाठींच्या मिळतात. ३३ गाठींची मनगटावर बसते, आणि हा आकडा ख्रिस्ताच्या पृथ्वीवरच्या वर्षांचा मानतात. ३०० गाठींची दोरी मठवासींची. त्यांच्या रोजच्या नेमाची मोजणी शेकड्यांत होते, म्हणून त्यांना लांब दोरी सोयीची. घरी राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाने शंभरीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. तेहतीसची दोरी हातात राहते, पण मन स्थिरावू लागतं न लागतं तोच क्रूस येतो. तीनशेची मांडीवर गुंतत राहते आणि नवख्याचं अर्धं लक्ष ती सोडवण्यात जातं. गाठ ६ ते ७ मिलिमीटरची असेल तर शंभरीचा वेढा ६० ते ७० सेंटिमीटर भरतो, म्हणजे हातात धरल्यावर ३० ते ३५ सेंटिमीटर खाली लोंबतो. गाठ ५ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर बोटांना एक गाठ कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. चाळिशी उलटलेल्यांनी, किंवा ज्यांची बोटं जाड आहेत त्यांनी, ८ मिलिमीटरची मागावी.

मनगटासाठी ३३ची घ्यायचीच असेल तर मनगट मोजून उपयोग नाही. ही दोरी ताणली जात नाही, त्यामुळे ती पंजातून आत गेली पाहिजे. अंगठा तळहातात दुमडून बोटांच्या सांध्यांवरून घेर मोजा आणि त्यात एक सेंटिमीटर मिळवा. लवचीक रबरी धाग्यावर बांधलेल्या दोऱ्याही विकतात. त्या पंजातून सहज जातात, पण काही महिन्यांत सैलावतात, आणि गाठी ओढताना दोरी ताणून परत येते तेव्हा मोजणीचा ठेका बिघडतो. त्या टाळाव्यात.

लोकर की सॅटिन? पारंपरिक उत्तर लोकर, आणि त्याला अर्थही जोडलेला आहे: आपण मेंढपाळाच्या कळपातली मेंढरं, म्हणून मेंढीची लोकर. काळा रंग पापांबद्दलच्या शोकाचा, काही दोऱ्यांत गाठींच्या मधे ठरावीक अंतराने ओवलेले लाल मणी रक्ताचे. हे अर्थ मनाला पटोत न पटोत, वापराच्या दृष्टीनेही लोकर सरस ठरते. तिच्या गाठीला खरखर असते, बोटाला पकड मिळते, आणि डोळे मिटलेले असताना ही पकडच कामाची. सॅटिनची किंवा पॉलिएस्टरची दोरी दिसायला चकचकीत, धुवायला सोपी, मुंबईच्या दमटपणातही कुबट न होणारी. मात्र ती घामाने निसरडी होते आणि तिची टोकं आगीवर वितळवून बंद केलेली असतात. ते कडक टोक क्रुसाच्या जोडाजवळ मनगटाला टोचत राहतं. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी घरी बसून वापरायला लोकरीची आणि अंगावर वागवायला पॉलिएस्टरची, अशी विभागणी केली तरी चालेल. दोन्हीपैकी एकच घ्यायची तर लोकरीची.

हाताने बांधलेली आणि बनावट यांतला फरक कळायला फोटो पुरत नाही, पण काही खुणा आहेत. खऱ्या गाठीच्या अंगावर तिरपी, एकमेकांवरून गेलेली वीण दिसते आणि ती सगळ्या बाजूंनी जवळजवळ सारखी असते. नुसती मण्यासारखी गोल गुंडाळी दिसली तर ती साधी मच्छीमारी गाठ किंवा डिंकाने चिकटवलेला गोळा असण्याची शक्यता मोठी. दोन शेजारच्या गाठी चिमटीत धरून हलकेच ओढा. मधली दोरी दिसू लागली आणि सोडल्यावर परत मिटली नाही, तर बांधणी ढिली आहे. अशी दोरी वर्षभरात लांबते. गाठी मोजून घ्या. दर पंचवीस गाठींनंतर एक मणी असेल तर मण्यांमधले चारही भाग सारखे हवेत. काही दोऱ्यांत मणी दर दहांनंतर असतो, तेही चालतं. दोन गाठी कमी-जास्त निघणं हाताने केलेल्या कामात होतंच आणि त्याने प्रार्थनेचं काही बिघडत नाही. क्रुसाचा जोड मात्र नीट पाहा, कारण दोरी सुटते ती नेहमी तिथूनच. गोंडा कापायला हरकत नाही. तो अश्रू पुसायला असतो असं सांगतात, पण शर्टच्या बाहीतून सारखा डोकावू लागला तर अनेक जण तो काढून टाकतात.

वापरायची रीत साधी आहे. दोरी डाव्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. उजवा हात क्रुसाची खूण करायला मोकळा राहतो. क्रुसापासून सुरुवात. एक प्रार्थना झाली की गाठ अंगठ्याने आपल्याकडे ओढायची आणि पुढची धरायची. मण्यावर आल्यावर काही जण ‘परमपवित्र देवमाते, आम्हांला तार’ म्हणतात, काही जण कमरेत वाकून नमस्कार करतात, काही जण नुसते क्षणभर थांबतात. तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ ओढायची सवय असलेल्या मराठी हाताला इथे दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. तिथे उजवा हात असतो आणि तर्जनी टाळतात, इथे डावा हात आणि तर्जनी हीच मुख्य. तिथे मेरुमणी ओलांडत नाहीत, माळ उलटी फिरवतात. इथे क्रुसावरून सरळ पुढे जायचं, फेरा मोडायचा नाही.

खरा प्रश्न वेगाचा आहे, आणि या वस्तूबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिथेच उगम पावतात. वरचं वाक्य नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने म्हटलं तर चारेक सेकंदांत संपतं. त्या हिशेबाने शंभर गाठी सात मिनिटांच्या आत उरकतात, आणि ‘काहीच जाणवलं नाही’ असा शेरा तयार होतो. एकोणिसाव्या शतकातले रशियन बिशप इग्नाती ब्रियानचानिनोव्ह यांनी शंभर प्रार्थना लक्षपूर्वक, घाई न करता म्हणायला सुमारे अर्धा तास लागतो असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे एका गाठीला अठरा सेकंद. प्रत्येक प्रार्थनेनंतर थोडं थांबा, असंही ते सांगतात. सुरुवातीला अठरा सेकंद फार वाटतील. दहा सेकंदांवर या, म्हणजे शंभरीला सतरा मिनिटं लागतील. घड्याळ समोर ठेवू नका. पहिल्या आठवड्यात एकदाच वेळ लावून आपला वेग किती आहे ते पाहा, तेवढं पुरे. वेळ कमी असेल तर गाठी कमी करा, वेग वाढवू नका. पंचवीस गाठी सावकाश झाल्या तर ती शंभर गाठींच्या शर्यतीपेक्षा कितीतरी बरी.

श्वासाशी सांगड घालावी का? मनातल्या मनात म्हणत असाल तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’ श्वास घेताना आणि ‘मज पाप्यावर दया कर’ सोडताना, अशी वाटणी बरेच जण करतात. मराठीत यात एक अडचण येते. पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड, त्यामुळे श्वास ताणून घेतला जातो आणि झटकन सुटतो. शरीराला शांत करायचं तर याच्या उलट हवं. म्हणून पहिला भाग सरळ म्हणा आणि ‘दया कर’ रेंगाळू द्या. मोठ्याने म्हणत असाल तर वाटणीचा विचारच सोडा, पूर्ण वाक्य एका उच्छ्वासात म्हणा आणि मग गप्प राहून श्वास घ्या. श्वास रोखून धरण्याचा सल्ला काही जुन्या लेखनात आहे. तो गुरूशिवाय अमलात आणायचा नाही. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर मुळीच नाही.

याच मुद्द्यावर चौदाव्या शतकात मोठा वाद झाला होता. ग्रीसमधल्या अॅथॉस पर्वतावरचे मठवासी हनुवटी छातीला टेकवून, बुटक्या आसनावर बसून, मन श्वासाबरोबर आत नेऊन हृदयात ठेवण्याचा प्रयत्न करत. दक्षिण इटलीतल्या कलाब्रियाहून आलेल्या बार्लाम नावाच्या विद्वानाने ‘यांचा आत्मा बेंबीत आहे’ अशी त्यांची टर उडवली. उत्तर दिलं अॅथॉसवरच्याच ग्रेगरी पालामास या मठवासीने. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं पौल म्हणतो, मग प्रार्थनेत त्याला दाराबाहेर का ठेवायचं, असा त्यांचा रोख होता. १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पालामास यांची बाजू घेतली आणि पुढच्या परिषदांनी ती पक्की केली. ख्रिस्ती विचारात हृदय ही निव्वळ भावनेची जागा कधीच नव्हती, आणि या वादाने ते पूर्वेकडे ठाम केलं. मन, शरीर आणि देवाची भेट या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे हृदय. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातही २५६३व्या परिच्छेदात हृदय ही निर्णयाची आणि भेटीची जागा म्हटली आहे. इजिप्तचा तपस्वी मकारियस याच्या नावावर असलेल्या प्राचीन प्रवचनांत तर ते लहानसं पात्र आहे, पण त्यात सिंह आणि विषारी प्राणीही आहेत आणि देवही आहे.

तरीही आसनांची आणि श्वासाची तंत्रं हा या प्रार्थनेचा गाभा नव्हे. या प्रार्थनेवरच्या जुन्या लेखनाचा ‘फिलोकालिया’ हा ग्रीक संग्रह १७८२ मध्ये व्हेनिसला छापला गेला होता. एकोणिसाव्या शतकातले रशियन बिशप, एकांतवासी थिओफान यांनी तो रशियनमध्ये आणला तेव्हा शारीरिक तंत्रांचे उतारे जाणूनबुजून गाळले. कारण व्यवहारी होतं. शिकवणारा शेजारी नसेल तर लोक तंत्रालाच कवटाळतात आणि प्रार्थना राहून जाते. आज मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना हा इशारा जास्तच लागू आहे.

शरीरावर होणाऱ्या परिणामाची मोजणी झालेली आहे, पण ती नेमकी कशाची झाली ते समजून घ्या. डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधून रोझरीची ‘आवे मारिया’ म्हणायला सांगितलं, आणि त्यांनाच एक तिबेटी बौद्ध मंत्रही. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आला. रक्तदाब वर-खाली झाला की हृदयाचे ठोके त्याप्रमाणे सावरून घेणारी जी प्रतिक्षिप्त क्रिया असते, तिची संवेदनशीलता ९.५ वरून ११.५ मिलिसेकंद प्रति मिलिमीटर पारा इतकी वाढली. अर्धी प्रार्थना पुरोहिताने आणि अर्धी लोकांनी म्हणायची, या रोझरीच्या पद्धतीमुळे आपोआप दहा सेकंदांचं चक्र बनतं, असं त्यांचं निरीक्षण. वर सुचवलेला दहा सेकंदांचा वेग याच्याशी जुळतो. पण अभ्यास रोझरीचा होता, दोरीचा नव्हे. लोक थोडे होते, निरोगी होते, आणि परिणाम तेवढ्या वेळापुरता मोजला होता. ‘हृदयविकारावर उपाय’ म्हणून ही दोरी विकणारा विक्रेता खोटं बोलतो आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे ती चालूच ठेवायची.

भावनांच्या बाजूने हिचा उपयोग जास्त खात्रीचा आहे, आणि तिथली समज फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस या तपस्व्याने माणसाला छळणारे आठ विचार लिहून ठेवले: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, दुपारी ऐन उन्हात येणारा तो कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व. पुढच्या लेखकांनी त्यांची चाल उलगडली. विचार आधी दारात येतो, मग आपण त्याच्याशी बोलू लागतो, मग होकार देतो आणि शेवटी त्याचे गुलाम होतो. दाराशी येणं आपल्या हातात नाही, त्याबद्दल दोषही नाही. बोलणं सुरू करणं आपल्या हातात आहे. दोरीचं काम नेमकं त्या दोन पायऱ्यांच्या मधलं. समजा वरिष्ठांनी सगळ्यांसमोर टाकून बोललं आणि संध्याकाळी दोरी हातात घेतल्यावर तोच प्रसंग मनात फिरू लागला. नवखा माणूस इथे दोन चुका करतो: एक तर मनातल्या मनात वरिष्ठांना उत्तरं देत बसतो, नाहीतर ‘विचार यायलाच नको’ म्हणून त्याच्याशी झगडतो. दोन्हींत बोलणं सुरू झालंच. रीत अशी की विचाराला उत्तर द्यायचं नाही आणि त्याला हाकलायचंही नाही, पुढची गाठ धरून वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हणायचं. शंभरात साठ वेळा असं झालं तरी ती शंभरी फुकट गेली असं समजू नये.

एक गोष्ट कॅथलिक घरातून आलेल्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. रोझरीत, म्हणजे ५९ मण्यांच्या माळेत, दहा-दहा मण्यांच्या प्रत्येक भागाबरोबर ख्रिस्ताच्या जीवनातलं एक रहस्य डोळ्यांसमोर आणायचं असतं. दोरीच्या प्रार्थनेत चित्र डोळ्यांसमोर आणायचं नाही. गोठा नाही, क्रूस नाही, ख्रिस्ताचा चेहराही नाही. रोझरीची सवय असलेल्यांना हे सगळ्यात अवघड जातं, आणि जे कल्पनाचित्रं आणत राहतात ते लवकर थकतात. वसईच्या घराघरांत लावलेली येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर ही आणखी वेगळी वाट. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल इथे मार्गारेट मेरी आलाकोक यांना झालेल्या दर्शनांनंतर ती भक्ती पसरली, आणि २४ ऑक्टोबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिच्यावर स्वतंत्र परिपत्र काढलं. तिथे भक्ताची नजर ख्रिस्ताच्या हृदयाकडे असते. दोरी हातात घेणारा आपल्या हृदयाच्या दाराशी पहारा देतो. दोन्ही एकाच माणसाला जमतात, फक्त एकाच वेळी करू नयेत. वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचं हृदय वाहतात, तो नवसाचा प्रकार आणखी निराळा. तिथल्या टपऱ्यांवर रोझरीचीच चलती आहे, ही दोरी तिथे शोधत हिंडू नका.

आता बिघाड. पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे जबरदस्तीने हृदय शोधणं. ‘मन हृदयात उतरवा’ हे वाक्य वाचून लोक छातीत डाव्या बाजूला लक्ष रेटतात, खांदे आवळतात, दात दाबून धरतात, आणि दहा मिनिटांत डोकं दुखू लागतं किंवा छातीत घट्टपणा येतो. परंपरेत पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी ओठांची प्रार्थना, मग मनाची, मग हृदयाची. तिसरी पायरी माणसाने चढायची नसते, ती मिळते. पुष्कळांना आयुष्यभर मिळत नाही आणि त्यात कमीपणा नाही. तुमचं काम शब्दांवर लक्ष ठेवणं, बस. ब्रियानचानिनोव्ह तर शब्दांवर लक्ष ठेवायलाच सांगतात आणि शरीरात खाली, पोटाकडे लक्ष जाऊ देऊ नका असा स्पष्ट इशारा देतात.

ठोक्यांच्या तालावर शब्द बसवण्याची एक पद्धत ऐकायला मिळते. ती टाळावी. ज्यांना आधीच धडधडीची धास्ती वाटते, त्यांची धास्ती ठोके ऐकत बसल्याने आणखी वाढू शकते. अशांनी लक्ष बोटाखालच्या गाठीवर आणि ओठांवर ठेवावं, शब्द कुजबुजत म्हणावेत, डोळे उघडे ठेवावेत. छातीत दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, दम लागला, तर दोरी खाली ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. प्रार्थनेचा ‘अनुभव’ म्हणून ते अंगावर काढू नये.

दुसरा बिघाड याच्या उलट टोकाचा. छातीत ऊब वाटते, डोळ्यांपुढे उजेड येतो, रडू कोसळतं, आणि माणूस समजतो की आपण पोहोचलो. ग्रीक आणि रशियन गुरू याला भुलावण म्हणतात आणि याबद्दल ते फार कडक आहेत. ऊब आली तर येऊ द्यावी, गेली तर जाऊ द्यावी, कुणाला सांगत सुटू नये. सांगायचं ते फक्त आपल्या पाप-कबुलीच्या धर्मगुरूला. खरी खूण ते वेगळीच सांगतात: घरात चिडचिड कमी झाली का, इतरांची उणीदुणी काढणं कमी झालं का. उजेड दिसूनही जीभ तशीच धारदार असेल तर त्या उजेडाचं काही खरं नाही. गंभीर नैराश्यात किंवा आवाज ऐकू येत असताना तासन्‌तास ही प्रार्थना करणं योग्य नाही. ‘मज पाप्यावर’ हे शब्द अशा मनाला दयेकडे न नेता अपराधीपणात रुतवू शकतात. त्यांनी डॉक्टरांचे उपचार घ्यावेत आणि धर्मगुरूच्या सांगण्याने दहा-बारा गाठींच्या वर जाऊ नये. हवं तर ‘प्रभू येशू, दया कर’ एवढंच म्हणावं.

तिसरा बिघाड क्षुल्लक वाटतो, पण दोरी कपाटात पडून राहते ती यामुळेच. पहिल्याच दिवशी तीनशेचा नेम धरला जातो. दोन दिवस होतो, तिसऱ्या दिवशी झोप येते, चौथ्या दिवशी लाज वाटते आणि दोरी उचललीच जात नाही. पंचवीस गाठी, रोज एकाच वेळी, एकाच जागी बसून. महिनाभर हे टिकलं तरच पन्नास. पलंगावर पडून म्हणू नका, झोप लागतेच. ताठ पाठीच्या खुर्चीपेक्षा बुटका पाट किंवा चौरंग चांगला, कारण पाठ थोडी वाकली तरी अंग जागं राहतं.

निगा फार नाही. लोकरीची दोरी कोमट पाण्यात अंगाचा सौम्य साबण घालून पाचेक मिनिटं भिजवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी टिपा आणि सावलीत आडवी वाळवा. गरम पाणी लागलं तर लोकर आटते, गाठी दगडासारख्या कडक होतात आणि वेढा लहान होतो. टांगून वाळवली तर ओल्या वजनाने लांबते. काळा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटतो, म्हणून नवी दोरी पांढऱ्या सदऱ्यावर घालण्याआधी एकदा धुऊन घ्या. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की बुरशीचा वास धरते. सुती पिशवी आणि तिच्यात कडुनिंबाची वाळलेली चार पानं पुरतात. एखादी गाठ उसवली तर डिंक लावू नका, काळ्या दोऱ्याने दोन टाके घाला.

विकत घेताना एक अट पाळा. ‘आशीर्वादित’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका. पवित्र गोष्टीचा आशीर्वाद विकणं हे प्रेषितांच्या काळापासून पाप मानलं आहे, शिमोन जादूगाराच्या नावावरून त्याला नावही पडलं आहे. किंमत ठरते ती लोकर, गाठींची संख्या आणि बांधणाऱ्याचे तास यांवरून. ग्रीस, सर्बिया किंवा रशियातल्या मठांतून येणाऱ्या दोरीवर टपाल आणि सीमाशुल्काचा बोजा पडतो, तो मागणी नोंदवण्याआधी विचारून घ्या. दोरी साधी घ्या आणि आपल्या धर्मगुरूकडून आशीर्वाद मागा. कॅथलिकांना यात अडचण नाही, येशूच्या प्रार्थनेला धर्मशिक्षणग्रंथाच्या २६६७ आणि २६६८ या परिच्छेदांत जागा आहे. एकदा आशीर्वाद मिळालेली दोरी जीर्ण झाली तर कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात किंवा मातीत पुरतात. पॉलिएस्टरची जाळली तर धूर आणि घाण वास येतो, ती पुरलेलीच बरी.